मुरबाड तालुक्यातील लहान अग्निशमन केंद्राचा आराखडा : सुरुवात कोठून करावी?

नौपाडा_वास्तु (ठाणे) यांचा प्रश्न

सर्व सदस्यांना नमस्कार. मुरबाड तालुक्यात सरळगावच्या पुढे, माळशेज घाटाकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६१ च्या दोन्ही अंगांना असलेल्या काही ग्रामपंचायतींनी एकत्र येऊन स्वतःच्या भागासाठी एक लहान अग्निशमन केंद्र उभारण्याचा विचार सुरू केला आहे. त्याचा प्राथमिक आराखडा तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी व्यवसायाने वास्तुविशारद असून आजवर निवासी इमारती, दोन शाळा आणि एक ग्रामीण रुग्णालय एवढे काम केले आहे. अग्निशमन केंद्राचे काम मात्र पहिलेच आहे. ठाण्यातील जवाहरबाग आणि बाळकुम येथील केंद्रे मी बाहेरून पाहिली आहेत, पण ती शहरातली केंद्रे आहेत आणि त्यांच्याकडे पाहून गावचे केंद्र आखणे कितपत योग्य, याविषयी मला शंका आहे.

सध्या माझ्या मनात दोन मजली इमारत आहे. तळमजल्यावर दोन बंबांसाठी जागा व मागे भांडार, वरच्या मजल्यावर कर्मचाऱ्यांचा विश्रांतिकक्ष, स्वयंपाकघर व छोटे कार्यालय, आणि दर्शनी बाजूस होज पाइप वाळविण्यासाठी उंच मनोरा अशी मांडणी केली आहे. जागेचे दोन पर्याय आहेत. पहिली जागा गावठाणात, जिल्हा परिषदेच्या शाळेशेजारी, सुमारे अठरा गुंठ्यांची आहे आणि ग्रामस्थांचा कल तिच्याकडे आहे, कारण केंद्र गावात दिसावे असे त्यांना वाटते. दुसरी जागा महामार्गावरील फाट्याजवळची गुरचरण जमीन असून ती सुमारे दीड एकर आहे. तिच्या मागच्या बाजूला एक पाझर तलाव आहे.

माझे प्रश्न असे आहेत : यांपैकी कोणती जागा घ्यावी, किती गाड्यांची सोय करावी, पाण्याची टाकी किती मोठी असावी आणि अशा इमारतीत नवख्या वास्तुविशारदाच्या नजरेतून सहसा काय सुटते?

निवृत्त_केंद्र_अधिकारी (कोपरखैरणे) यांचे उत्तर

महोदय, आपण प्रश्न इमारतीपासून सुरू केला आहे. मी उत्तर रस्त्यापासून सुरू करतो, कारण केंद्राची जागा एकदा चुकली की इमारत कितीही चांगली बांधली तरी ती चूक पुढे भरून निघत नाही.

स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेच्या निकषांनुसार ग्रामीण भागात पहिला बंब घटनास्थळी वीस मिनिटांत पोहोचणे अपेक्षित आहे. शहरात हीच अपेक्षा साधारण पाच मिनिटांची असते. वर्दी, म्हणजे आगीची किंवा अपघाताची खबर, मिळाल्यापासून गाडी दारातून बाहेर पडेपर्यंत दोन मिनिटे धरली, तर प्रत्यक्ष प्रवासासाठी अठरा मिनिटे उरतात. महामार्गावर सरासरी ताशी चाळीस किलोमीटर वेग मिळाला, तर त्या वेळात बारा किलोमीटर होतात. वळणाच्या, चढाच्या आणि खड्ड्यांच्या आतल्या रस्त्यावर सरासरी पंचवीसच पडली, तर साडेसात किलोमीटरही जेमतेम होतात. तेव्हा आपण प्रथम नकाशा घ्यावा, दोन्ही जागांपासून प्रत्येक गाव व प्रत्येक वाडी गाडीने किती मिनिटांवर आहे हे प्रत्यक्ष फिरून मोजावे, आणि तेही एकदा कोरड्या दिवसांत व एकदा भर पावसात मोजावे. नकाशावर वर्तुळ काढून हे समजत नाही. एखादा सखल पूल जुलैमध्ये पाण्याखाली जात असेल, तर त्या पलीकडची गावे तेवढ्या काळापुरती केंद्राच्या हद्दीबाहेर गेली असे समजावे.

या हिशेबाने मला गावठाणातली जागा योग्य वाटत नाही. अठरा गुंठे कमी पडतील हा मुद्दा वेगळाच. पण शाळेशेजारी बंब ठेवला की सकाळी व संध्याकाळी मुलांच्या गर्दीतून गाडी काढावी लागते, आठवडी बाजाराच्या दिवशी रस्ता अडतो, आणि लग्नसराईत मांडव पडला तर गाडी अडकूनच पडते. शहरी नियोजनाच्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत निवासस्थानांसह उपकेंद्रासाठी ०.६ हेक्टर जागा सुचविली आहे. आपली फाट्याजवळची दीड एकर म्हणजे जवळपास तेवढीच होते. महामार्गावरील अपघातांनाही तेच ठिकाण सोयीचे पडेल, आणि माझा अनुभव असा आहे की महामार्गालगतच्या केंद्राला आगीच्या वर्दीइतक्याच सुटकेच्या वर्दी येतात : चेपलेल्या केबिनमधला चालक, उलटलेला टँकर, विहिरीत पडलेले जनावर. त्यामुळे हायड्रॉलिक कटर, स्प्रेडर, दोर आणि तिपाई यांची जागा भांडारात सर्वांत मागे नव्हे, तर गाडीच्या बाजूलाच ठेवावी.

आता गाड्यांविषयी. दोन गाड्यांची सोय पुरेशी आहे असे आपण धरले आहे. मी तीन कप्पे सुचवीन. एक साधारण साडेचार हजार लिटरचा बंब, एक मोठा पाण्याचा टँकर आणि एक लहान चारचाकी, जी वाडीच्या बोळात आणि शेताच्या बांधापर्यंत जाऊ शकेल. यामागचे गणित सांगतो. बंबावरचा नेहमीचा पंप मिनिटाला २,२५० लिटर पाणी फेकू शकतो. म्हणजे पूर्ण क्षमतेने चालविला तर साडेचार हजार लिटरची टाकी दोन मिनिटांत रिकामी होते. हातातल्या दोन लहान ब्रांचवर (होजच्या टोकाच्या पाणी फेकणाऱ्या नळ्यांवर) मिनिटाला तीनशे-तीनशे लिटर धरले, तरी साडेसात मिनिटांत पाणी संपते. शहरात तोपर्यंत दुसरा बंब येतो किंवा जवळ हायड्रंट (रस्त्यावरचा आगीसाठीचा नळ) सापडतो. गावात तोपर्यंत कोणीही येत नाही. गाडी भरायला तीन किलोमीटर जाऊन परत आली, तर जाणे, भरणे, येणे व पुन्हा जोडणे यात वीस मिनिटे सहज जातात, आणि सरासरी काढली तर आगीवर मिनिटाला सव्वादोनशे लिटरही पडत नाहीत. तेवढ्या पाण्यावर पेटलेली गवताची वखार आटोक्यात येत नाही. म्हणून ग्रामीण केंद्रात पाणी वाहून नेणारी दुसरी गाडी ही चैन समजू नये.

कप्प्यांच्या मापांत काटकसर करू नका. दार किमान बारा फूट रुंद व चौदा फूट उंच असावे, गाडीच्या चारही बाजूंनी माणसाला होज खांद्यावर घेऊन चालता येईल एवढी जागा असावी, आणि शक्य असेल तर गाडी मागच्या दाराने आत येऊन पुढच्या दाराने बाहेर पडेल अशी आरपार रचना करावी. गाडी मागे घेताना होणारे अपघात हे केंद्राच्या आवारातले सर्वांत टाळता येण्याजोगे अपघात आहेत. दीड एकरात मागून वळसा घालणारा रस्ता सहज बसतो. दारापुढचे आवार सर्वांत लांब गाडीपेक्षा जास्त खोल हवे, म्हणजे गाडी बाहेर काढून उभी केली तरी तिचे तोंड महामार्गावर जाणार नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या आराखड्यात मला खटकली, ती म्हणजे गाड्यांच्या थेट वर झोपण्याची जागा. डिझेलचा धूर कर्करोगकारक आहे असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये नोंदविला, आणि २०२२ मध्ये अग्निशामकाचा व्यवसायच तिने त्याच वर्गात टाकला. आग विझवून आलेल्या माणसाच्या अंगरख्यावर, बुटांवर आणि हातमोज्यांवर काजळी व रसायने असतात. जुन्या केंद्रांमध्ये ते कपडे पलंगाशेजारच्या खुंटीवर टांगलेले असायचे आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. नव्या इमारतीत तरी गाडीच्या कप्प्यातून आधी धुण्याची जागा, मग स्नानगृह आणि त्यानंतरच राहण्याची खोली असा क्रम ठेवावा. आगीच्या कपड्यांसाठी स्वतंत्र, हवेशीर, पण थेट ऊन न येणारी खोली द्यावी, कारण उन्हाने त्या कापडाची ताकद कमी होते. महिला अग्निशामकांसाठी स्वतंत्र स्नानगृह व कपडे बदलण्याची खोली पहिल्याच आराखड्यात दाखवा. नंतर जोडलेली खोली नेहमी जिन्याखाली जाते.

स्थापत्य_कळवा यांचे उत्तर

वरील उत्तरात राहण्याच्या जागेविषयी जे म्हटले आहे, त्याला संरचनेच्या बाजूनेही आधार आहे. खाली मोठमोठी दारे असलेला, भिंती नसलेला मजला आणि वर खोल्यांचा भिंतींनी भरलेला मजला, ही भूकंपात सर्वांत वाईट वागणारी रचना आहे. आम्ही तिला सॉफ्ट स्टोरी म्हणतो. २००१ च्या भुज भूकंपात अहमदाबादेतील अनेक इमारती खालच्या मोकळ्या पार्किंगच्या मजल्यामुळेच कोसळल्या. ठाणे जिल्हा भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार भूकंप क्षेत्र तीनमध्ये येतो, आणि त्याच मानकात अग्निशमन केंद्राला महत्त्वगुणांक १.५ दिलेला आहे. म्हणजे साध्या घरापेक्षा दीडपट बल धरून इमारतीची गणना करावी लागते. त्यामागचे कारण स्पष्ट आहे : भूकंपानंतर जी इमारत सर्वांत आधी वापरात यायला हवी, तिचीच दारे वाकून गाड्या आत अडकल्या तर तिचा उपयोग काय?

दीड एकर जमीन हाताशी असताना दोन मजले कशासाठी, हा माझा सरळ प्रश्न आहे. शहरात जागा नसते म्हणून वर जावे लागते आणि मग जिना, घसरखांब असे सगळे त्यामागून येते. गावात एकच मजला ठेवा : एका बाजूला गाड्यांचा उंच कप्पा, मध्ये धुण्याची व कपड्यांची पट्टी, दुसऱ्या बाजूला ठेंगणी राहण्याची इमारत. दोन्हींच्या उंचीत फरक असल्याने मध्ये संरचनात्मक सांधा द्यावा.

जमिनीविषयी दोन गोष्टी सांगतो. भाताच्या खाचरात भराव टाकून आवार करणार असाल, तर मुरूम थराथराने टाकून, पाणी मारून व रोलर फिरवून दाबून घ्या आणि शक्यतो त्यावरून एक पावसाळा जाऊ द्या. भरलेल्या बंबाचे वजन सोळा टनांच्या घरात असते आणि त्यातले जवळपास दहा टन मागच्या आसावर येतात. कच्च्या भरावावरची फरशी पहिल्याच वर्षी दारासमोर खचते. दुसरी गोष्ट, महामार्गाच्या कडेच्या गटारावरून आवारात येण्यासाठी जी मोरी बांधाल, ती ठेकेदार नेहमी बैलगाडी व ट्रॅक्टरच्या हिशेबाने घालतो. तिची गणना मी माझ्या हाताने केल्याशिवाय काम सुरू करू देत नाही. महामार्गावर थेट प्रवेश हवा असल्याने संबंधित यंत्रणेची परवानगीही लागेल, आणि तिला वेळ लागतो.

गाड्यांच्या कप्प्याची फरशी दाराकडे उताराची असावी, चाकांच्या मध्ये जाळीचे गटार असावे आणि ते पाणी तेल वेगळे करणाऱ्या टाकीतून जावे. मागे पाझर तलाव आहे, त्यात डिझेल उतरता कामा नये.

धसईकर यांचे उत्तर

मी याच तालुक्यातला शेतकरी आहे आणि तज्ज्ञांच्या उत्तरांत सुटलेल्या काही गोष्टी सांगू इच्छितो. ही चर्चा घरांच्या आगीवर चालली आहे, परंतु आमच्याकडे फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत सर्वांत जास्त वेळा जे पेटते ते म्हणजे डोंगरउतारावरचे गवत. भाताच्या रोपांसाठी आम्ही राब भाजतो. शेणखत, पालापाचोळा व गवत वाफ्यावर पसरून पेटविले जाते, आणि वारा फिरला की ती आग बांधावरून माळावर आणि माळावरून जंगलात जाते. तेथे सोळा टनांचा बंब काय करणार? तेथे माणसे पायी जातात, पाठीवरचे पंप, हिरव्या फांद्यांच्या झोडपण्या आणि वनखात्याकडे असतात तसे पाला उडविणारे ब्लोअर घेऊन जातात. म्हणून लहान चारचाकीचा मुद्दा मी उचलून धरतो, पण तिच्यावर पाचशे लिटरची टाकी व उच्च दाबाचा छोटा पंप असावा आणि भांडारात अशा पायी जाणाऱ्या पथकाचे सामान ठेवण्यासाठी वेगळी भिंत असावी.

दुसरे, पाण्याबद्दल. आपला पाझर तलाव डिसेंबरात पाहून कोणी निर्णय घेऊ नये. एप्रिलच्या शेवटी जाऊन पाहावे. आमच्या भागात पावसाळ्यात डोंगरावरून धबधबे कोसळतात आणि मे महिन्यात त्याच डोंगराखालच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. शेजारच्या शहापूर तालुक्यात भातसा व तानसा ही धरणे असूनही वेगळी स्थिती नाही. आग मात्र बरोबर पाणी नसते तेव्हाच लागते. तलाव तोपर्यंत तळाला गेलेला असेल, तर केंद्राची स्वतःची टाकी हाच आधार राहील.

तिसरे, वर्दी मिळणार कशी? आमच्या काही वाड्यांत मोबाइलला रेंज मिळवण्यासाठी टेकाडावर जावे लागते. १०१ किंवा ११२ लावल्यावर फोन कोणत्या नियंत्रण कक्षात जातो आणि तेथून या केंद्राला किती वेळात कळविले जाईल, हे आराखड्याच्या आधी ठरले पाहिजे. केंद्रावर बिनतारी यंत्रणेचा खांब व मोठा भोंगा असावा, आणि ज्या वाडीत फोन लागत नाही तेथे निरोप कोणी कोठे द्यायचा हे ग्रामसभेत ठरवून ठेवावे.

शेवटचा मुद्दा माणसांचा. पगारी माणसे चोवीस तास ठेवणे आमच्या ग्रामपंचायतींना झेपणारे नाही असे मला वाटते. त्यापेक्षा दर गावात आठ-दहा तरुणांना शिकवावे, प्रत्येक गावाला एक उचलता येण्याजोगा पंप द्यावा आणि केंद्रात केवळ चालक व एक जाणकार माणूस असावा. म्हशाच्या यात्रेत गुरांचा बाजार, घोंगड्यांची दुकाने आणि खाद्यपदार्थांच्या शेगड्या शेजारी शेजारी असतात. तेथेही हे तरुण उपयोगी पडतील.

निवृत्त_केंद्र_अधिकारी (कोपरखैरणे) यांचे प्रत्युत्तर

धसईकरांचे राबाविषयीचे व तलावाविषयीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. तलावाबाबत एक तांत्रिक भर घालतो. बंबाचा पंप सक्शनने पाणी वर ओढतो, तेव्हा ती उंची व्यवहारात सात मीटरच्या पुढे जात नाही. त्याखाली पाणी गेले तर पंप कितीही मोठा असला तरी उपयोग नाही. उन्हाळ्यात खोल गेलेल्या विहिरींत पाणी असूनही ते बंबाला मिळत नाही, ते याच कारणाने. अशा ठिकाणी पाण्यावर तरंगणारा हलका पंप किंवा आत सोडण्याचा पंप लागतो. तलावाच्या काठापर्यंत बंब जाईल असा पक्का उतार केला आणि काठावर कायमचा सक्शन पाइप बसवून ठेवला, तर निदान फेब्रुवारी-मार्चपर्यंत तलाव कामी येईल.

टाकीविषयी मूळ प्रश्न होता, त्याचे उत्तर आता देतो. जमिनीखाली एक लाख लिटरची टाकी करावी. हा आकडा वाटतो तेवढा अवघड नाही. अडीचशे चौरस मीटरच्या उताराच्या छपरावर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातले ऐंशी टक्के पाणी पन्हाळीतून टाकीत उतरले, तर एक लाख लिटर होतात; आपल्याकडे जून-जुलैत याहून पुष्कळ जास्त पाऊस पडतो. अडचण भरण्याची नाही, राखण्याची आहे. टंचाईच्या काळात गावाचे डोळे त्या टाकीकडे लागणार आणि ते स्वाभाविक आहे. म्हणून टाकीचे दोन भाग करा, पिण्याला द्यायचे पाणी एका भागात ठेवा आणि आगीच्या भागाला नळच बसवू नका, फक्त पंपाचे कपलिंग ठेवा. याशिवाय दहा हजार लिटरची उंचावरची टाकी आणि तिला शंभर मिलिमीटरचा भरणीचा पाइप असावा, म्हणजे वीज नसली तरी बंब काही मिनिटांत भरून परत निघेल.

माणसांबाबत मात्र मी असहमत आहे. एका बंबावर एक प्रमुख, एक चालक-यंत्रचालक आणि चार अग्निशामक धरले, तर तीन पाळ्यांना अठरा माणसे होतात, आणि रजा व आजारपण धरले तर वीसच्या वर. हे खर्चिक आहे, मान्य आहे. पण शिकविलेले तरुण शेतीची कामे आटोपली की वर्षभर गावात थांबत नाहीत. कोणी कल्याणला नोकरीला, कोणी भिवंडीच्या गोदामात जातो. दुपारी दोन वाजता पेटलेल्या घराला संध्याकाळच्या एसटीने परतणाऱ्या स्वयंसेवकाचा उपयोग नाही. शिवाय धुरात शिरायचे तर बी. ए. सेट (पाठीवरच्या हवेच्या नळकांड्याचे श्वसनयंत्र) घालण्याचा नियमित सराव लागतो आणि तो महिन्यातून एखाद्या रविवारी होत नाही. तरुण हवेतच, पण पहिला बंब घेऊन निघणारी पाळी पगारीच असली पाहिजे.

पंचायत_निवृत्त (ठाणे पश्चिम) यांचे उत्तर

दोन्ही बाजूंचे म्हणणे वाचले. ज्यावर हा वाद चालला आहे, त्याच्या मुळाशी एक कायदेशीर प्रश्न आहे आणि तो आराखड्याच्या आधी सोडवावा लागेल. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांकडे सोपवायच्या विषयांत, अग्निशमन सेवा हा विषय स्पष्टपणे आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत तो नाही. त्यामुळे काही ग्रामपंचायती मिळून इमारत बांधू शकतील, पण बंब कोणाच्या नावे घ्यायचा, चालकाचा पगार कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचा आणि अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, हे त्यांच्या पातळीवर सुटत नाही.

माझ्या मते व्यवहार्य मार्ग असा आहे की मुरबाड नगरपंचायतीसारख्या ज्या संस्थेला हा विषय कायद्याने आहे, तिचे उपकेंद्र म्हणून हे केंद्र मांडावे, जिल्हाधिकारी व जिल्हा परिषद यांच्यामार्फत खर्चाच्या वाट्याचा करार करावा आणि राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाचा तांत्रिक सल्ला सुरुवातीलाच घ्यावा. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी २०२१ ते २०२६ या काळाकरिता ५,००० कोटी रुपये राखून ठेवले होते, आणि त्यात राज्यांनाही आपला हिस्सा घालावा लागतो. अशा निधीतून गाड्या येतात, इमारती होतात. त्या गाडीत तिसऱ्या वर्षी डिझेल कोण भरणार, हे मात्र कोणत्याही प्रस्तावात लिहिलेले मी पाहिले नाही. प्रस्तावाचे पहिले पान त्याच विषयावर लिहा, असे मी ग्रामपंचायतींना सांगेन.

जमिनीबाबत : गुरचरण जमीन ग्रामपंचायतीकडे असली तरी तिचा वापर बदलण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही, जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, ग्रामसभेचा ठराव लागतो. शेजारची आदिवासी खातेदाराची पट्टी मागच्या रस्त्यासाठी घेण्याचा विचार असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावर निर्बंध घालणाऱ्या कलम ३६-अ मुळे तोही साधा खरेदीचा व्यवहार राहत नाही. सातबारा, फेरफार आणि वनखात्याची नोंद या तिन्ही गोष्टी नकाशा काढण्यापूर्वी पाहून घ्याव्यात.

नौपाडा_वास्तु (ठाणे) यांचा पुढचा प्रश्न

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फाट्याजवळची जागा धरून नवा आराखडा केला आहे : एकच मजला, आरपार जाणारे तीन कप्पे, मध्ये धुण्याची व कपड्यांची पट्टी, पूर्वेला राहण्याची बाजू, आणि मागे सहा कुटुंबांच्या निवासस्थानांसाठी राखलेली जागा. पगारी पाळी व गावोगावची पथके या दोन्हींची सोय एकाच इमारतीत होईल अशा बेताने एक मोठी खोली प्रशिक्षणासाठी ठेवली आहे. ती ग्रामसभेलाही वापरता येईल. हद्द, कागदपत्रे व करार यांविषयीच्या सूचना मी ग्रामपंचायतींना लेखी कळविल्या आहेत.

दोन गोष्टी अजून ठरत नाहीत. होज वाळविण्याचा मनोरा ठेवावा की नाही, कारण तो काढला तर खर्च बराच वाचतो; आणि दारांसाठी साधे रोलिंग शटर चालेल का?

निवृत्त_केंद्र_अधिकारी (कोपरखैरणे) यांचे उत्तर

शटर शक्यतो नको. पावसाळी दमट हवेत त्याच्या पट्ट्या गंजतात, एखाद्या रात्री ते अर्ध्यावर अडकते आणि गाडी आत राहते. बाजूला दुमडत जाणारी लोखंडी दारे घ्या. ती वीज नसताना एक माणूस हाताने उघडू शकतो आणि ती पूर्ण उघडली आहेत की नाही हे चालकाला लांबून दिसते. शटर अर्धवट वर असताना गाडी बाहेर काढून तिचे छप्पर फाटण्याचे प्रकार घडतात. विजेवर चालणारी दारे घेतलीच, तर हाताने उघडण्याची सोय असलेलीच घ्या, आणि नियंत्रण कक्षाचे दिवे, बिनतारी यंत्रणा व भोंगा यांना बॅटरीचा स्वतंत्र आधार द्या.

मनोऱ्याबाबत माझे मत बदलत्या सामानाप्रमाणे बदलले आहे. पूर्वी कॅनव्हासचे होज ओले राहिले की कुजत, म्हणून त्यांना उंच टांगणे भाग होते. आता रबराचे अस्तर असलेले, भारतीय मानक ६३६ चे होज वापरतात. त्यांनाही वाळवावे लागतेच, पण त्यासाठी मनोरा अपरिहार्य नाही. पंधरा मीटरचा होज पूर्ण लांबीने पसरता येईल असा, साधारण सोळा-सतरा मीटर लांबीचा उताराचा ओटा मागच्या भिंतीलगत रुंद पागोळीखाली बांधा. त्यावर होज घासून धुता येतात, पाणी निथळते आणि चार महिन्यांच्या पावसातही वर छप्पर असल्याने हवेवर ते वाळतात. ऊन थेट पडणार नाही याची काळजी घ्या.

मात्र मनोरा केवळ होजसाठी नसतो. शिडी लावणे, दोरावरून उतरणे, वरच्या मजल्यावर होज चढविणे या सगळ्या कवायती त्याच्यावर होतात, आणि आपल्या भागात तीन-चार मजली इमारती उभ्या राहू लागल्या आहेत. आज पैसे नसतील तर लोखंडी चौकटीच्या तीन मजली कवायत-मनोऱ्याचा पाया तेवढा घालून ठेवा आणि त्याच्या भोवती गाडी फिरेल एवढे मोकळे आवार राखा. वरचा सांगाडा पुढे केव्हाही उभारता येईल. विहिरीतल्या सुटकेचा सराव करण्यासाठी त्याच मनोऱ्याच्या खाली एक कोरडा खड्डाही ठेवता येतो. आपल्याकडे ती वर्दी वारंवार येते आणि तिचा सराव मात्र क्वचितच होतो.

आपल्या नव्या आराखड्याच्या वर्णनात मागच्या दारापासून तलावाच्या काठापर्यंतच्या उताराचा उल्लेख नाही. उन्हाळ्यातली पाण्याची पातळी धरून पाण्यापासून बंबाच्या पंपापर्यंतची उंची मोजून घ्या आणि सात मीटरच्या आत बसते का ते पाहा; बसत नसेल, तर काठावरचा सक्शन पाइप रद्द करून तो पैसा तरंगत्या पंपाकडे वळवावा लागेल.